हँडलचा पहिला फेरा

गहिनीनाथ मिस्त्रीला लोक माघारी भित्रा म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. त्याचा उस्ताद रंगनाथ डाव्या हातानं जेवायचा. एका विहिरीवरच्या इंजिनात डिझेल वेळेआधी सुटलं, हँडल उलटं फिरलं आणि रंगनाथचं उजवं मनगट मोडलं, ते वाकडंच सांधलं. गहिनीनाथ तेव्हा शेजारी पाना धरून उभा होता. हाड मोडतं तेव्हा आवाज होतो, हे त्याला त्या दिवशी कळलं. तरी रंगनाथचा नेम त्यानं सोडला नाही. इंजिनात डिझेल सोडणाऱ्या पंपाचं टायमिंग ज्यानं बांधलं, हँडल पहिल्यांदा त्यानंच मारायचं.

बहात्तरच्या दुष्काळात शेवगावकडच्या एका खेड्यात श्रीमंत नावाच्या माणसाच्या पिठाच्या गिरणीचं इंजिन बंद पडलं. गहिनीनाथनं पंप दुरुस्त केला. बाहेर रेशनची परदेशी लाल ज्वारी, मिलो, घेऊन बाया बसल्या होत्या.

इंजिनाच्या चाकावर पांढरी रेघ होती. ती काट्यासमोर आली की त्याच क्षणी पंपानं डिझेल सोडायचं. त्यासाठी पंपाखालचे पातळ पत्रे कमी-जास्त करायचे. पत्रा काढला की डिझेल लवकर सुटतं. गहिनीनाथ एकेक पत्रा काढत गेला, तरी जुळेना. सगळे निघाले तेव्हा कुठं रेघ आणि डिझेल एका जागी आलं. असं आजवर कधी झालं नव्हतं. त्यानं हँडलला हात लावला नाही.

"मिस्तरी, मुहूर्त बघता का काय?" बायांमधली झुंबरबाई दारातून म्हणाली. "घरी चूल थंड हाय."

"सरा, मी मारतो हँडल," श्रीमंत पुढं झाला.

"हात लावू नका!" गहिनीनाथ एवढ्यांदा ओरडला, की बाया हसल्या.

त्यानं इंजिनाच्या माथ्यावरचं, डिझेल आत फवारणारं नोझल खोललं. भोकातून सायकलची तार खाली सोडून पिस्टनवर टेकवली आणि चाक हळूहळू फिरवलं. डिझेल सुटल्यापासून पिस्टन माथ्यावर पोचेपर्यंत चाक चार बोटं सरकायला हवं. ते सहा बोटं सरकलं, म्हणजे डिझेल वेळेआधीच सुटत होतं. त्याचं मनगट आपोआप छातीशी आलं.

"ही रेघ कोणी मारली?"

श्रीमंतची बायको भीमाबाई म्हणाली, "खंडेनवमीला पूजेसाठी चाकाला हिरवा रंग दिला. जुनी रेघ झाकली, म्हून ह्यांनीच नवी काढली. चाकाचं कपाळ उगं उघडं नको म्हने!"

"आंदाजानं बरुबर काढली हुती," श्रीमंत पुटपुटला.

गहिनीनाथनं चाकूनं रंग खरवडला. पांढऱ्या रेघेपासून दोन बोटांवर जुनी रेघ, कारखान्यात कोरलेली खाच, निघाली. त्यानं पत्रे परत घातले, खाचेशी टायमिंग बांधलं, तारेनं पुन्हा पाहिलं. चार बोटं. आता सगळं बरोबर होतं. भीती मात्र होती तिथंच होती. खाच खरी, तार खरी. पण रंगनाथलाही त्या दिवशी सगळं बरोबरच वाटलं होतं.

उलटं फिरलं तर सुटावं म्हणून त्यानं अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवून हँडल धरलं. एक फेरा, दुसरा. वेग आला तसा त्यानं आतला दाब मोकळा ठेवणारा वरचा खटका पाडला. आतून धक्का आला. त्यानं डोळे मिटले.

हँडल सुटून हातात आलं. इंजिन धडधडत होतं. झुंबरबाईनं पाटी उचलली.

भीमाबाईनं चहा दिला. गहिनीनाथनं कप डाव्या हातात घेतला.

"उजव्याला लागलं काय, मिस्तरी?"

"न्हाई," तो म्हणाला. उजवा हात त्यानं मांडीखाली दाबून धरला होता.