गाव आहे तोवर स्लॅब

गुलालाचं आख्खं पोतं मनुकाकीच्या पायरीसाठी कालवलेल्या सिमेंटात उपडं झालं, ते माझ्या हातून. खंडाळ्याजवळचं आमचं गाव नगरपंचायत होणार, मुंबईतली शेवटची सही आता कधीही होईल, असं कळलं आणि मी पोतं खांद्यावर घेऊन तिच्या वाळूच्या ढिगावर चढलो. वाळू सरकली.

"व्हय रं भाऊसो," काकी म्हणाली, "मिरवायला माझंच घर घावलं?"

काकी कंपनीच्या गेटवर पिठलं-भाकरी विकते. कंपन्यांमागून गाव फुगलं, ते निम्मं तिच्या भाकरीवर, असं माझं मत आहे. ती मात्र पत्र्याखालीच राहिली. आता कुठं घरकुल मिळालं, भिंती चढल्या, सेंट्रिंगही ठोकून झालं. पण घरकुल खेड्यासाठीचं. पैसा दिल्लीचा, खेड्याचं शहर करणारी सही मुंबईची, स्लॅबचा फोटो काढणारी इंजिनियर समीक्षा पंचायत समितीची, आणि उन्हात मनुकाकी. स्लॅबचा फोटो वर गेला की पुढचा हप्ता; पण फोटोआधी सही झाली तर त्याचं काय, हे विचारावं तर जो तो वर बोट दाखवी.

काकीनं वर बघायचं सोडलं. "उद्या स्लॅब," तिनं अर्जुना गवंड्याला सांगितलं.

"आवं काकी, एका दिसात माणसं कुठनं आणू?"

"हा हाय की. ह्याला शहर पायजे न्हवं? घमेली उचलू दे."

दुसऱ्या दिवशी मी मिरवणुकीची सगळी फौजच घेऊन गेलो. शहर हवं म्हणणारे आणि नको म्हणणारे एकाच शिडीवर, खाली हलगी कडाडतेय, घमेली पळतायत. दुपारी कुणीतरी ओरडलं, "सही झाली म्हणं!" अर्जुनाचा थापी धरलेला हात थांबला.

"म्हणं-बिणं ऱ्हाऊ दे, थापी चालव," काकी म्हणाली.

सांजेला समीक्षा आली. काकीला घरासमोर उभं करून तिनं फोटो काढला, पण रेंज नाही. ती शेजारच्या गच्चीवर गेली, मोबाईल उंच धरला. हलगीवाल्यानंही काठी आवरली.

"गेला," समीक्षा म्हणाली, आणि अर्जुना चिखलाच्या पायांनी नाचला.

सकाळी खरोखरच सही झाल्याची बातमी आली. मी धावत सुटलो. काकी शिडीवर होती, हातात बादली.

"काकी, झालं गं शहर! कसं वाटतंय आता?"

"स्लॅब सुकतुया, आदी पाणी मार."