शेषेरावांचा दौरा कार्यक्रम

मे महिना लागला आणि पोस्टमननं सिंधूच्या हातात जाड लिफाफा ठेवला, तेव्हाच तिचं डोकं फिरलं. नवऱ्याचं पत्र आलं की बाई हरखते म्हणतात. पण पत्राच्या नावाखाली ज्याची कार्बन कॉपी येते, त्याच्या बायकोनं हरखावं तरी कशाला? मूळ प्रत शेषेराव सोनकांबळ्यांनी तिकडं लातूरला फाईलला लावून ठेवलेली. नांदेडला घरी आली ती दुसरी प्रत, फिकट जांभळ्या अक्षरांची. वर रेघ मारून विषय लिहिलेला: ‘उन्हाळी सुट्टीतील मुलांचा दौरा कार्यक्रम.’

खाली तक्ता होता. दिनांक, वार, ठिकाण, निघण्याची वेळ, परतण्याची वेळ, शेरा. चार तारखेला गुरुद्वारा, सात तारखेला किल्ल्यावरची बाग, मग गोदावरीचा घाट, मग रेल्वे स्टेशनवर जाऊन आगगाड्या पाहणे, मग विष्णुपुरीच्या धरणाचं काम. सगळ्यात खाली पंचवीस मे, रविवार, सहस्रकुंड धबधबा, इस्लापूर. आणि त्याच्यासमोर शेऱ्याच्या रकान्यात तीन शब्द: ‘स्वतः उपस्थित राहीन.’

सिंधूनं ते तीन शब्द दोनदा वाचले. लग्न तिचं होतं, पोरं त्यांची होती, आणि बाप उपस्थित राहणार होता. तिनं तो कागद शिलाई मशीनच्या खणात कोंबला आणि अर्धवट राहिलेलं ब्लाऊज पुन्हा हातात घेतलं.

शेषेराव पहिल्यापासून असेच होते असं नाही. नांदेडच्या कलेक्टर ऑफिसात अव्वल कारकून होते तेव्हा संध्याकाळी सहाला सायकल दारात लागायची. मग लातूर वेगळा जिल्हा झाला. नवा जिल्हा, नवं ऑफिस, माणसं पाहिजेत म्हणून यांना बढती मिळाली आणि नायब तहसीलदार होऊन ते लातूरला गेले. सोनकांबळ्यांच्या घराण्यातला पहिला साहेब. सिंधूनं गल्लीभर पेढे वाटले होते. क्वार्टर मिळालं की नेतो, असं म्हणाले होते. जिल्हा जुना व्हायला आला, क्वार्टर काही मिळालं नाही. त्यात पावसानं पाठोपाठ दगा दिला आणि यांना टंचाई शाखेत बसवलं. कोणत्या गावाला टँकर, कोणती विहीर ताब्यात घ्यायची, कोणता बोअर आटला, हेच रात्रंदिवस. दोन महिन्यांतून एकदा शेवटच्या एस.टी.नं यायचे आणि पहाटेच्या गाडीनं जायचे. लातूर जिल्ह्याला पाणी पाजता पाजता स्वतःच्या घरचा रस्ता विसरले, असं सिंधू भांडी आपटत म्हणायची.

मोठी यशोधरा अकरा वर्षांची, संघपाल आठचा. त्यांना बाप आठवत होता तरी. धाकटी बबी बापाची बदली झाली तेव्हा दोन वर्षांची होती, आता पाच. बाप आला की ती मशीनच्या आड जाऊन उभी राहायची आणि तोंडातून शब्द काढायची नाही. तो गेल्यावर विचारायची, “ते गेले का?” बाबा गेले का, असं नाही. ते. हे ‘ते’ सिंधूच्या काळजात रुतून बसलं होतं. तिला धबधबा नको होता. ह्या माणसानं अख्खा एक दिवस पोरांत काढावा आणि बबीनं त्याला एकदा बाबा म्हणावं, एवढंच तिला पाहिजे होतं. म्हणून तर चिडत, कुरकुरत का होईना, तिनं तो दौरा कार्यक्रम खणातून परत बाहेर काढला.

आणि महिनाभर तिच्या नाकी नऊ आले. गुरुद्वाऱ्यात लंगरच्या पंगतीतून संघपाल नाहीसा झाला. अर्धा तास शोधल्यावर तो दुसऱ्या पंगतीत जेवताना सापडला. बागेला दुपारी कुलूप असतं हे तक्त्यात लिहिलेलं नव्हतं. घाटावर गेले तर नदी पायऱ्या सोडून लांब जाऊन बसलेली, आणि तापलेल्या दगडांवर बबीच्या चपलेचा अंगठा तुटला. तिला कडेवर घेऊन सिंधूनं ऑटो गाठला, तर ऑटोवाला एवढ्याशा अंतराला एवढे पैसे कशाला हे समजावून सांगत होता. धरणाच्या कामावर तर राखणदारानं आतच सोडलं नाही.

“आमच्याकडं कागद हाय,” संघपालनं त्याला कार्बन कॉपी दाखवली.

“कागद माझ्याकडं बी लई हायत,” राखणदार म्हणाला.

स्टेशनवरून आल्यावर संघपालनं वहीत लिहिलं: ‘एकूण इंजिने तीन. पैकी चालू दोन.’ ते वाचून सिंधूला हसावं की रडावं कळेना. एक होता तो पुरेसा नव्हता, त्यात हा दुसरा तयार होऊन राहिला होता.

घरमालकीण नागुबाई ओट्यावर बसून हे जाणं-येणं रोज पाहायची. एकदा तिनं विचारलंच, “सिंधू, आमची लेकरं सुट्टीत गल्लीत उंडारत्यात अन् सुखी हायत. तुमच्या लेकरांनी काय गुन्हा केलाय माय?”

शनिवारी संध्याकाळी शेषेराव आले. आले हेच नवल. खांद्याला शबनम पिशवी, खिशाला दोन पेनं, चेहरा उन्हानं रापलेला. बबी मशीनच्या आड गेली. सिंधूनं चहा दिला आणि महिनाभर पोटात ठेवलेला प्रश्न विचारला.

“आवो, मे महिन्यात तिथं पाणी असतंय का?”

“धबधबा हाय तो. पाणी असणारच की.”

“कुणाला विचारलंत का पण?”

“कुणाला विचारू? तो नांदेड जिल्ह्यात येतो,” शेषेराव बशीत चहा ओतत म्हणाले. “तिकडचा अहवाल माझ्याकडं येत न्हाई.”

लातूर जिल्ह्यातली एकूण एक कोरडी विहीर ज्या माणसाला तोंडपाठ, त्याच्या लेखी जिल्ह्याची हद्द संपली की दुष्काळही संपत होता. पण पोरांनी कपडे काढून ठेवले होते, यशोधरानं टॉवेलसुद्धा गुंडाळले होते. सिंधूनं पोळ्यांची कणीक मळायला घेतली.

सकाळची पॅसेंजर मुदखेड करत करत इस्लापूरला पोचली तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. तिथून एका टेम्पोच्या हौद्यात बसून, धूळ खात, सगळे नदीवर आले. पाण्याचा आवाज येतो का म्हणून संघपाल कान देऊन ऐकत होता. काठावर पोचल्यावर आवाज का येत नव्हता ते कळलं. समोर नुसता काळा कातळ होता. वरून खालपर्यंत कोरडा, उन्हात तापून चकाकणारा. खाली एका डोहात हिरवं, शेवाळलेलं पाणी होतं आणि त्यात एक म्हैस बसलेली होती.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे कळायला नायब तहसीलदार व्हावं लागत नाही. हे सगळं सिंधूच्या जिभेवर आलं होतं. पण शेषेरावांचं तोंड बघून तिनं ते गिळलं. तो माणूस खरंच चकित झाला होता.

मग लिंबाखाली पोळ्या, ठेचा आणि दोन आंबे असं जेवण झालं, आणि खरं सांगायचं तर तो तास बरा गेला. शेषेराव पँट दुमडून कातळावर उतरले. दगडात पाण्यानं कोरलेले गोल रांजण होते. एकात ओंजळभर पाणी उरलेलं, आणि त्यात बोटाएवढे मासे. त्यांनी पोरांना हाक मारली. यशोधरा आणि संघपाल पळत गेले. बबी हळूहळू गेली, थोडी लांब उभी राहिली, मग एक पाऊल पुढं सरकली, मग आणखी एक. शेषेरावांनी न बोलता एक बोट तिच्यापुढं केलं. सिंधू लिंबाखालून बघत होती.

तेवढ्यात पलीकडून बाया आल्या. डोक्यावर घागरी, हातात वाट्या. नदीच्या पात्रात वाळू उकरून त्यांनी झिरे काढले होते, आणि वाटी वाटीनं घागर भरायची होती. शेषेरावांची मान तिकडं वळली. बोट तसंच पुढं होतं, पण माणूस तिथं राहिला नव्हता.

“किती घरं हायत वस्तीत?” त्यांनी विचारलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. घरं विचारली, मग विहीर किती खोल ते विचारलं, मग शबनममधून वही बाहेर आली. वही दिसताच बायांबरोबर आलेला निवृत्ती नावाचा म्हातारा पुढं झाला. वस्तीत लिहिता येणारा एकच पोरगा, तो हैदराबादला कामाला गेलेला. टँकरचा अर्ज करायचा तर लिहिणार कोण, म्हणून अर्जच गेला नव्हता. म्हाताऱ्यानं एका पोरीला वस्तीवर पिटाळलं. थोड्या वेळात माणसं, बाया, सगळी वस्ती लिंबाखाली हजर.

सिंधूनं शेषेरावांना बाजूला घेतलं. “हा तुमचा जिल्हा न्हाई म्हणत होता ना?”

“अर्ज लिहायला जिल्हा लागत न्हाई.”

“अन् पोरं?”

“हे अर्ध्या तासात होतंय. घरवार यादी जोडली की अर्ज परत येत न्हाई, म्हणून करून राहिलो.” त्यांनी तिच्याकडं बघितलं. “ह्या बाया वाटीनं पाणी भरत्यात, सिंधू.”

राग काढायचा तर माणूस वाईट तरी असावा. हा वाईट नव्हता, हाच तिच्या जन्माचा वैताग होता. दारुड्या नवऱ्याला शिव्या देता येतात, गल्लीही आपल्या बाजूनं उभी राहते. पण तहानलेल्यांचा अर्ज लिहिणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? जय भीम म्हणून माणसं त्याच्या पाया पडायला यायची आणि ही आत चुलीपुढं दात खात बसायची.

अर्ध्या तासाचे दोन तास झाले. शेषेराव मांडीवर वही घेऊन, मान खाली घालून लिहीत होते. नाव? माणसं किती? जनावरं किती? पुढचं. नाव? माणसं किती? जनावरं किती? पुढचं. संघपाल टॉवेल उशाला घेऊन झोपला. यशोधरा कातळावर खडे मारत बसली. परतीच्या गाडीची वेळ जवळ येत चालली. घरून भरून आणलेल्या कापडी छागलीतलं पाणी तर केव्हाच संपलं होतं, रांगेतल्या एका बाईच्या तान्ह्याला सिंधूनंच त्यातलं शेवटचं पाजलं होतं.

“आई, पाणी,” बबी म्हणाली.

“थांब जरा. टेम्पो आला की स्टेशनवर पिऊ.”

बबी थांबली नाही. तिला दिसत होतं ते एवढंच, की घागरी, कळश्या घेतलेली माणसं रांगेत उभी राहतात, नाव सांगतात, आणि तो माणूस काहीतरी देणार आहे. तिनं पिशवीतला स्टीलचा पेला काढला आणि केवळाबाई नावाच्या म्हातारीच्या मागं जाऊन उभी राहिली. सिंधूनं ते पाहिलं. उठून तिला मागं ओढावं असं मनात आलं, पण ती उठली नाही. राहू दे उभी, म्हणाली मनात. निदान रांगेत तरी दिसेल बापाला.

केवळाबाईचं झालं. बबी पुढं आली.

“नाव?” शेषेरावांनी विचारलं. मान वर केली नाही.

“बबी.”

वस्तीतल्या दोन बबी यादीत आधीच येऊन गेल्या होत्या. त्यांनी तिसरी लिहिली. आवाजावरून ओळखावं, तर ती पोर त्यांच्यासमोर आजवर बोललीच कुठं होती?

“माणसं किती घरात?”

बबीनं पेला काखेत धरला आणि बोटं मोजली. “आई. ताई. दादा. अन् मी.” तिनं बोटं पुन्हा एकदा मोजून पाहिली. “चार.”

शेषेरावांनी चार लिहिलं. “जनावरं?”

“न्हाईत.”

‘निरंक,’ त्यांनी लिहिलं.

“साहेब,” बबीनं पेला पुढं केला, “पाणी.”

पेला वहीवर आला तेव्हा त्यांनी मान वर केली. समोर त्यांची स्वतःची बबी उभी होती. मग त्यांनी खाली पाहिलं, स्वतःच्याच अक्षरात लिहिलेल्या ओळीकडं. नाव, चार, निरंक. रांग थांबली होती. निवृत्ती काहीतरी विचारत होता ते त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी पेन उचललं आणि चारवर आडवी रेघ मारायला टेकवलं.

सिंधू केव्हा उठून आली होती ते तिलाही कळलं नव्हतं. ती बबीच्या मागं उभी होती.

“खोडू नका,” ती म्हणाली. “आकडा बरोबर हाय.”