गोळ्या वाढल्या

जव्हारच्या एका मुलींच्या वसतिगृहात मी स्वयंपाक करते आणि कोठीची किल्लीही माझ्याच कमरेला असते. हे आधीच सांगते, म्हणजे मी अशी का ते कळेल. डाळ मापून द्यायची, तेलाचा डबा उचलून बघायचा, काल किती होतं नि आज किती उरलंय ते डोक्यात ठेवायचं. बारा वर्षं हे केलं की माणूस देवापुढच्या नैवेद्याकडेही वाकड्या नजरेनं बघायला लागतो. आई म्हणते, "तुला सावलीचापण भरवसा नाय." खरंय तिचं.

आई मोखाड्याच्या पुढे आमच्या पाड्यावर राहते, धाकट्या भावाच्या घरी. तिला झटक्यांचं दुखणं आहे. सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी पोटात गेली तर ती ठणठणीत, आणि गोळ्या चुकल्या तर कधी कुठे पडेल त्याचा नेम नाही. भात झोडून झाला की भाऊ ठाण्याकडे बांधकामावर जातो, मग घरात आई आणि भावजय, दोघीच. गोळ्या मी जव्हारहून जीपवाल्याच्या हातानं पाठवायच्या. डॉक्टरांची चिठ्ठी माझ्याकडे. भावजय एकदा म्हणाली होती, "ताई, चिठ्ठी इथं ठेवा, मोखाड्याच्या बाजाराला गेले की मीच आणीन." मी नाही दिली. का द्यायची? आई माझी आहे.

यादीचं खूळ भावानं आणलं. "ताई, आमचा ठेकेदार सगळा काम मोबाईलवर यादीत टाकतो. झाला की टिक मारायचा. झंझटच नाय." म्हणून तिघांच्या मोबाईलवर एकच यादी आली. घरात काय हवं, काय काम झालं ते एकानं लिहायचं, ते बाकीच्या दोघांना दिसायचं. उंटावरून शेळ्या हाकायची नवी सोय, दुसरं काय! पण मनातून मला बरं वाटलं. घरबसल्या भावजयीवर नजर ठेवता येणार होती.

आणि नजर ठेवल्यावर दिसायला किती वेळ लागतो? आईची संध्याकाळची गोळी आणि सकाळची गोळी, दोन्हींचे टिक सकाळी दहाला एकदम यायचे. मी भावाला फोन केला. तो म्हणाला, "आगं, पाड्यावर रेंज कुठं हाय? ती सकाळी वर टेकाडावर जाते, तवा सगळे एकदम जातात." पटलं मला, पण पुरतं नाही. मग साखर. महिन्यात दुसऱ्यांदा साखर! दोन बायका, एवढा चहा कोण ढोसतं? संक्रांतीला गेले तर आई भर दुपारी गाढ झोपलेली. "गोळीनं गुंगी येते तिला," भावजय म्हणाली. गोळीनं येते की कुणी आणतं, मी मनात म्हटलं. म्हातारी झोपली की हिला रान मोकळं. पाणी कुठेतरी मुरत होतं एवढं नक्की.

होळी झाल्यावरच्या सोमवारी मी तांदूळ निवडत होते. मोबाईल वाजला. यादीत भावजयीनं लिहिलं होतं, "आईच्या गोळ्या वाढल्या."

हातातलं सूप खाली ठेवलं मी. वाढल्या? कुणी वाढवल्या? डॉक्टर जव्हारात, चिठ्ठी माझ्या ट्रंकेत, मग गोळ्या वाढवणारी ही कोण टिकोजीराव? दुपारची झोप आठवली आणि अंगाचा तिळपापड झाला. दोनाच्या जागी चार देत असणार मेली! तिला विचारलं नाही. विचारलं की सावध झाली असती. मी पाठवलेल्या गोळ्या अजून दहा दिवस पुरायला हव्या होत्या, तो हिशेब माझ्या डोक्यात पक्का होता. म्हटलं, नवीन पाठवायच्याच नाहीत. बघू कशी वाढवते.

बुधवारी पुन्हा आलं, "गोळ्या वाढल्या ताई. लवकर पाठवा." बघा! म्हणजे जास्तीच्या हव्यात, त्याही लवकर. गुरुवारी तिचा फोन आला. आवाज तुटत होता. "ताई... गोळ्या वाढल्या... तुम्हाला दिसलं का..."

"दिसलं मला," म्हणाले आणि फोन ठेवला.

एक गोष्ट मात्र माझ्या नजरेतून सुटली नव्हती. सोमवारपासून गोळीचे टिक यायचे थांबले होते. सकाळचा नाही, संध्याकाळचा नाही. चौकोन रिकामेच. ते बघून मी काय म्हणावं? म्हटलं, खोटं टिक मारायला आता हात धजत नसेल.

शनिवारी पोरींच्या नाश्त्याचे पोहे परतत होते. यादीत मिठाच्या खाली नवी ओळ आली. "आई चुलीत पडली. ताई या."

किल्ली मी कुणाच्या हातात दिली ते आजही आठवत नाही. जीप भरेपर्यंत ड्रायव्हर हलेना, तर त्याच्यावर अशी ओरडले की माणसं उतरून मला पुढची जागा द्यायला लागली. मोखाड्याच्या दवाखान्यात आई कॉटवर होती. डाव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी. शेजारी भावजय उभी. तिच्याही उजव्या हाताला पट्टी होती, तिनंच आईला ओढून बाहेर काढलं होतं. ते बघूनही माझ्या तोंडून पहिलं काय निघालं?

"किती गोळ्या देत होतीस तिला?"

ती माझ्याकडे वळली. "कुठल्या गोळ्या, ताई? उंदरानं अख्खं पाकीट कुरतडलं. बाकीच्या रविवारीच वाढल्या. तेव्हापासून घरात एकपण गोळी नाय. कळवलं ना मी."

आई डोळे न उघडता म्हणाली, "तिला वरडू नको. तसा लिव म्हणून मीच सांगितला. घरातला कायपण संपला म्हणू नये."

हा शब्द मला कुणी शिकवायला हवा होता का? लहान असताना मी एकदा कणगीत वाकून ओरडले होते, "आई, नागली संपली!" आईनं धावत येऊन माझ्या तोंडावर हात ठेवला होता. "वाढली म्हण. कणसरी ऐकते, संपली म्हटला तर घरातून उठून जाते." धान्याची देवी ती, तिच्या कानावर तसलं काही जाऊ द्यायचं नाही. मीठ वाढलं, तेल वाढलं, नागली वाढली, असंच आम्ही बोलत मोठे झालो. बांगडी फुटली तर आजही मी वाढली म्हणते. नारळ वाढवते. पण कोठीत बारा वर्षं रोज कागदावर डाळ संपली, तेल संपलं लिहून तो शब्द माझ्या हातातून गेला होता. आणि समोर होती भावजय. तिच्या प्रत्येक अक्षरात मला चोरी दिसत होती. साप साप म्हणून भुई थोपटत बसले मी, आणि आई पाच दिवस गोळीवाचून राहिली.

आईच्या डाव्या हाताची तीन बोटं आता वळत नाहीत. नागलीची भाकरी तिला थापता येत नाही, भावजय थापते. चिठ्ठी मी भावजयीला दिली. तिनं ती स्टीलच्या डब्यात घालून आढ्याला टांगली, उंदीर पोचणार नाही अशी.

भाऊ ठाण्याहून आला तेव्हा आम्ही चौघं ओट्यावर बसलो होतो. तो तावातावानं बोलला. तीनदा कळवलं तरी ताईनं गोळ्या का पाठवल्या नाहीत, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. आईच मध्ये पडली. "तिला मिळालाच नसल. रेंज नसल. तिचा काय चुकला?"

भावानं बायकोकडे बघितलं. "तू फोन केलेला ना? लागला का?"

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. माझं "दिसलं मला" तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

"नाय लागला," ती म्हणाली. "रेंज नव्हती." आणि चहा ठेवायला आत गेली.