बेलाचा उजवा हात

सिल्वियाचा फोन आला तेव्हा शाळेत मधली सुट्टी होती आणि मी व्हरांड्यात उभी होते. "मावशी, ममा गेली," एवढंच ती म्हणाली. मागे लाटांचा आवाज येत होता, म्हणजे ती मागच्या पडवीत उभी असणार... बेला जाणार हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. तरी मी फोन पिशवीत टाकला, वर्गावर गेले आणि मुलांची हजेरीसुद्धा घेतली. त्याला आता महिना उलटून गेला. चर्चमध्ये तिच्यासाठी महिन्याची प्रार्थना झाली. तिच्याविषयी लिहायचं तर जे घडलं ते तसंच लिहायला हवं.

इझाबेल हे तिचं पाळण्यातलं नाव, पण गावात सगळ्यांची ती बेला. आम्ही एका बाकावर शिकलो, आणि लग्नानंतरही दोघींची घरं एकाच पाणंदीत राहिली. नवरा वारल्यावर तिनं समुद्राकडच्या चार खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या. हाताला चव होती, त्यामुळे पर्यटक एकदा आले की पुन्हा यायचे. नीटनेटकेपणाशी मात्र तिचं कधी जमलं नाही. पाहुणे दारात उभे आणि चादरी अजून दोरीवर, चुलीवर कढी आणि ही बाजारात गप्पा मारतेय, असा कारभार. "शालू, माझ्या डोक्यात काय रवनाच नाय गो," असं म्हणून ती स्वतःच हसायची.

एका नाताळात सिल्विया पुण्याहून एक जाड वही घेऊन आली. पानांवर रेघांऐवजी बारीक ठिपके होते. तिनं आईला समोर बसवून शिकवलं: रोज सकाळी त्या दिवसाची कामं लिहायची, प्रत्येकापुढे एक टिंब द्यायचं, काम झालं की टिंबावर फुली मारायची, राहिलं तर बाण काढून ते दुसऱ्या दिवसाच्या पानावर न्यायचं. पुण्याला तिच्या ऑफिसातले सगळे असंच करतात म्हणे. बेलानं आधी थट्टा केली. "म्हणजे आता वही माका सांगतली, चादरी धू म्हणान?" पण पोरीनं प्रेमानं आणलेली वस्तू, म्हणून ती लिहू लागली. आणि आश्चर्य म्हणजे तिला ते साधलं. उन्हाळ्यापर्यंत चारही खोल्या वेळेवर तयार असायच्या, गॅस संपायच्या आधी नवा सिलिंडर यायचा. पाणंदीतल्या बायका म्हणू लागल्या, बेला बदलली. मलाही कौतुक वाटलं... काय बदलत होतं ते आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर एकदा तिनं मला हाक मारून बोलावलं आणि वही पुढे केली. त्या दिवसाच्या पानावर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'पंप उघडून बघ'. ती म्हणाली, "ह्यां अक्षर माझां आसा. पण माका लिवलेलां आठवना नाय." मी म्हटलं, अगं, झोपेच्या डोळ्यांनी लिहिलं असशील. तिनं माणूस बोलावून पाण्याचा पंप उघडला, तर आतला वॉशर फाटायला आलेला. त्यानंतर असं वरचेवर होऊ लागलं. वहीत न आठवणारी कामं सापडत, काही ठिकाणी काम होऊन फुलीही पडलेली असे. तिला वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय. तिनं वही कपाटात कुलपात ठेवली, किल्ली गळ्यातल्या क्रुसाच्या साखळीत अडकवली. तरीही पानं भरतच राहिली. मग ती लिहिणाऱ्या त्या कुणाला तरी 'ती' म्हणू लागली. "ती सांगता ता बरोबर आसता गो," ती मला म्हणाली. "माझ्यापरास बरी आसा ती." हे बोलताना ती हसत नव्हती.

एका दुपारी मी तिच्याकडे मासे द्यायला गेले. ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसून लिहीत होती. मी "बेला" म्हणून हाक मारली. तिनं मान वर केली नाही. जवळ गेले. तिचे डोळे उघडे होते, पण ते वहीकडे नव्हतेच, समोरच्या भिंतीवर होते, आणि उजवा हात आपला शांतपणे ओळीमागून ओळ लिहीत होता... मी खांद्याला हात लावला. थोड्या वेळानं ती दचकली आणि म्हणाली, "तू कधी इलंस गो?" पानभर एकच काम पुन्हा पुन्हा लिहिलेलं होतं, 'सिल्वियाक बोलाव'. मागची पानं चाळली तर तेच वाक्य, रोज बाण काढून पुढच्या पानावर नेलेलं. पोरीची नोकरी सुटेल म्हणून बेलानं तिला बोलावलं नव्हतं. मी घरी आले आणि सिल्वियाला फोन केला.

गोव्याच्या इस्पितळात डोक्याचे फोटो काढले तेव्हा आत गाठ दिसली. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की अशा आजारात माणूस काही क्षण हरवतो, हातपाय सवयीचं काम करत राहतात, नंतर काही आठवत नाही. सिल्वियानं विचारलं, पण ती लिहायची ते इतकं शहाणपणाचं कसं? डॉक्टर म्हणाले, ते मला सांगता येणार नाही. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी बेलानं माझा हात घट्ट धरला. "ह्यां काढल्यार घराक येतली ती कोण गो? ती, का मी?" मी तिचे केस विंचरत राहिले.

घरी आली ती बेलाच. कढीत दोनदा मीठ घातलं, पाहुण्यांची नावं चुकवली, आणि स्वतःच मला टाळी दिली, "मीच इलंय गो, मीच!" वहीला तिनं पुन्हा हात लावला नाही. सिल्विया नोकरी सोडून इथंच राहिली. ते दिवस फार आनंदात गेले. पण गाठ सगळी निघालेली नव्हती. पुढे बेला खाटेला खिळली, आणि एका दुपारी आम्ही दोघी जवळ बसलेल्या असताना तिचा उजवा हात चादरीवर हलू लागला. बोटांत पेन नव्हतं. सिल्वियानं वाकून विचारलं, "ममा, काय लिवतस?" बेला पूर्ण शुद्धीत होती. तिनं परक्या माणसाकडे बघावं तसं स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाली, "माका नको विचारू. हिका विचार." त्यानंतर ती फारशी बोलली नाही. हात मात्र शेवटच्या सकाळपर्यंत चालू होता, असं सिल्विया सांगते.

खोल्या आता सिल्विया चालवते. परवा ती टेबलावरचं मेणकापड बदलायला निघाली होती. मागच्या दारातून तिरपं ऊन आत आलं, आणि बेला बसायची त्या कडेला कापडावर बारीक वळ दिसले. पेन दाबून लिहायची तिला सवय होती, आणि पान संपल्यावर हात कापडावरच चालला असणार. ओळींवर ओळी उमटल्या होत्या, एकात एक गुंतलेल्या. सिल्विया माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, राहू दे. मी त्यावरून बोट फिरवलं, पण वाचायचा प्रयत्न केला नाही, तिनंही केला नाही. संध्याकाळी कोल्हापूरचं एक कुटुंब आलं. सिल्वियानं तिथंच ताटं मांडली, आणि सुरमई बरी झालीय असं म्हणत त्यांनी पुन्हा भात मागितला.