काट्यांसमोर तीन दिवस

इंदूरच्या माणसाला घाण सहन होत नाही. मला तर अजिबात नाही; शहराला मिळालेलं सफाईचं इनाम जणू माझ्याच फ्लॅटला मिळालंय, असा माझा थाट. म्हणून एका रविवारी कबुतरांचा बंदोबस्त करायला मी स्वतः बाल्कनीबाहेरच्या छज्ज्याच्या कडेला आणि एसीच्या डब्यावर स्टीलचे काटे चिकटवले. डब्यामागे डोकावलो नाही. मान दुखते.

मागे पिल्लू होतं.

दुपारी त्याची आई आली. बसायला जागाच नाही. काट्यांसमोर ती हवेत उभी राहिली, पंख आपटत, शेपूट पसरून, आणि दमून निघून गेली. पुन्हा आली. आतून चींचीं.

"अहो, काढा ते काटे," बायको म्हणाली.

मी पक्कड आणायला वळलो, तर मुलगी ओरडली, "बाबा, हाथ मत लगाना!"

मुलगी इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला. प्रोजेक्ट, फांदीवर अलगद बसणाऱ्या ड्रोनचे पंख. तिनं मला समजावलं. बसताना पक्षी पंख जवळजवळ उभे करतो. विमानानं एवढं नाक वर केलं तर पंखावरची हवा सुटते आणि ते पडतं. पक्ष्याच्या पंखावर हवा सुटता सुटता एक भोवरा तयार होतो, तो त्याला क्षणभर वर धरून ठेवतो. तेवढ्यात पक्षी वेग कमी करतो आणि बसतो.

"तो क्षण कॅमेऱ्यात सापडतच नाही, बाबा. आणि ही पुन्हा पुन्हा तेच करतेय! बुधवारी सबमिशन आहे."

"पिल्लू मरेल गं," बायको म्हणाली.

"आई, बस, दोनच दिवस."

दोघी माझ्याकडे बघू लागल्या. घरात माझं मत विचारायची वेळ वर्षातून एकदा येते. मी घसा साफ करून म्हणालो, "कबुतरांना काय तोटा? राजवाड्यावर ढीगभर आहेत."

त्याच दुपारी मी मोबाईल धरून स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घ्यायला लागलो; पुढचे दोन दिवस ऑफिसातून अर्धी रजा काढली. सोमवारी आतला आवाज बारीक झाला. मंगळवारी थांबला. आई मात्र येत राहिली, आणि सगळ्यात जास्त वेळ त्याच दिवशी हवेत थांबली. "परफेक्ट!" मुलगी म्हणाली. मी तिला टाळी दिली. खोटं कशाला सांगू?

बुधवारी काटे काढले. पिल्लू ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं, सुक्या नाही. तेवढी शिस्त आहे मला.

प्रोजेक्टचं कौतुक झालं. आता पाहुणे आले की मी मंगळवारचा व्हिडिओ दाखवतो. परवा साल्यानं मांडी थोपटली, "क्या बात है जीजाजी! हवेत नुसती लटकलीय!"

बायको पोह्यांच्या बशा उचलत होती. "रविवारचा दाखवा ना," ती म्हणाली. "त्यात आवाज पण आहे."

रविवारचा माझ्या मोबाईलमध्ये आहे. स्लो मोशनमध्ये ती चींचीं म्हाताऱ्या माणसाच्या कण्हण्यासारखी ऐकू येते. एकदाच ऐकलाय.

"बॅटरी संपली," मी म्हणालो आणि मोबाईल उलटा ठेवला.

तेवढ्यात तो वाजला.