संध्याच्या मॅटाडोरचा गृहप्रवेश

शहाण्णव साली आमच्या राजाजीनगरच्या गल्लीत एक मॅटाडोर येऊन बंद पडली. बरं, पडायची तर कुठेही पडावी. पण ती पडली नेमकी माझ्या फाटकासमोर, जिथे मी रोज सकाळी रांगोळी घालते तिथे. माझं डोकं फिरायला तेवढं पुरे होतं. रांगोळीचं डबडं हातात घेऊनच मी काच ठोठावली. पडदा सरकला आणि केस विंचरत बसलेली पन्नाशीची एक बाई म्हणाली, "या ना आत. चहा ठेवलाच आहे."

गेले होते भांडायला आणि बसले चहा पीत. चहा चांगला होता, खोटं कशाला बोलू.

तिचं नाव संध्या. नागपूरची. टेलिफोन खात्यात नोकरी केली, लग्न केलं नाही, आईचं अंथरुणातलं सगळं शेवटपर्यंत केलं. आई गेल्यावर नोकरी सोडली आणि शाळेच्या मुलांची ने-आण करणारी ही जुनी मॅटाडोर घेतली. मागची बाकडी काढून तिथे एक दिवाण, छोटी गॅसची शेगडी, पाण्याचं पिंप आणि डब्यांची फळी बसवून घेतली. गाडी चालवायलाही त्या वयात शिकली. मग दाराला कुलूप लावून कन्याकुमारीला निघाली.

"एकटी?" मी विचारलं.

"एकटी कुठे? घर सोबत घेऊन निघाली ना मी."

मला हसू आलं. तिलाही माझ्या मराठीचं हसू येत होतं, ते मला दिसत होतं. आम्ही चार पिढ्यांचे बेंगळूरचे. पणजोबा कापड विकायला आले ते इथलेच झाले. घरात मराठी बोलतो, पण उंबऱ्याबाहेरचं कन्नड कधी जिभेवर चढून बसतं ते कळतच नाही. मी "स्वल्प साखर घाला" म्हटलं तर ती थांबून माझ्याकडे बघायला लागली. स्वल्प म्हणजे थोडी, एवढं तरी समजायला हवं होतं तिला.

कोपऱ्यावरच्या देवाप्पा मेकॅनिकनं गाडीखाली शिरून पाहिलं आणि गिअरबॉक्स उतरवावा लागेल म्हणाला. सामान मिळायला वेळ लागणार होता. मी तिला म्हटलं, "तोवर माझ्याकडे झोपायला या. वरची खोली रिकामीच आहे." तिनं हात जोडले. अंघोळीला येईन, पाणी भरून नेईन, पण झोपायचं ते आपल्या घरात. मला राग आला. पाहुण्याला नाही म्हणायची सवय आम्हाला नाही, आणि पाहुण्याकडून नाही ऐकायची तर मुळीच नाही. तेव्हा तिनं खरं काय ते सांगितलं.

तिचा धाकटा भाऊ अरविंद. त्यानं नागपुरात तिच्यासाठी एक खोली रंगवून ठेवली होती. माणूस वाईट नाही, पण बहिणीनं असं रस्त्यावर फिरणं त्याच्या गळी उतरत नव्हतं. अनोळखी गावात एकट्या बाईला कोण उभं करतं, असं तो म्हणत होता. शेवटी तिनं त्याला शब्द दिला होता. ज्या गावात अडकेन आणि जिथे मला कोणी आपलं म्हणणार नाही, तिथून मुकाट्यानं परत येईन आणि गाडी विकून टाकेन.

"म्हणून तुझ्याकडे झोपायला येत नाही," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या घरी राहिली तर अरविंदच जिंकला ना. मला माझ्या घरासकट कुणी आपलं म्हणायला पाहिजे."

ही बाई माझ्यापेक्षा हट्टी निघाली. त्या दिवसापासून मी तिला अगं-तुगं करायला लागले.

आणि गंमत पाहा, ती कोणाच्या दारी गेली नाही, दार उघडं ठेवून बसली. मागचं दार उघडं, पायरीवर पायपुसणं, शेगडीवर काहीतरी शिजतंय. पाटवडीच्या रश्शाचा वास सुटला की गल्लीतल्या बायका भाजी आणायला म्हणून निघत आणि तिथेच टेकत. आमच्याकडे ओळख करून घ्यायची म्हणजे आधी माहेर कुठलं, नवरा कुठे, मुलं किती, हे सगळं होतं. संध्या विचारायची, "तिखट चालेल का?" झालं, ओळख झाली. कोणी कोथिंबिरीची जुडी ठेवून जाई, कोणी बिसीबेळे भाताचा डबा. डबा रिकामा परत जात नसे. एवढ्याशा मॅटाडोरमध्ये सहा बायका बसलेल्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

सगळी गल्ली आत येऊन गेली, नरसिंहराव सोडून.

नरसिंहराव आमच्यातलेच, जुने बेंगळूरचे मराठी. सरकारी कचेरीतून निवृत्त झाले आणि गल्लीच्या संघाचे अध्यक्ष झाले. नियम म्हणजे त्यांचा जीव की प्राण. रोज सकाळी फिरून येताना ते मॅटाडोरला लांबून वळसा घालत, जणू ती अंगावर येणार आहे. एक दिवस माझ्या फाटकाशी थांबले. "अलकाक्का, ज्याला पत्ता नाही तो माणूस कोणाचा? आयुधपूजेच्या आत ही गाडी हलली पाहिजे. नाही तर मी ती ओढून न्यायला लावतो." आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाड्या-यंत्रं पुजतात, ती आयुधपूजा.

संध्यानं आतून ऐकलं. त्याच दिवशी ती फोन बूथवरून परतली ती चेहरा पाडून. अरविंद तिला न्यायला येणार होता, आणि आयुधपूजेलाच पोहोचणार होता. दोघांची परतीची तिकिटंसुद्धा काढली होती त्यानं.

"गाडी बंद आहे हे मी सांगून बसली," ती म्हणाली. "आणि नरसिंहराव हाकलून राहिले, तेही विचारलं तर सांगेन. शब्द दिला आहे, खोटं नाही बोलणार."

ती फळीवरचे डबे उगाच पुसत बसली. मला ते बघवेना. मी तशीच चपला सरकवल्या आणि नरसिंहरावांच्या घरी गेले.

"ती गाडी आहे की घर, ते आधी सांगा," मी म्हटलं.

"गाडी असेल तर गॅरेजात लावा. घर म्हणतेस, तर गृहप्रवेश झाला आहे का? दूध उतू जाऊ दिलं का? गाय आत आली का? हे न करता राहिलेलं आपल्या गल्लीत एक तरी घर दाखव."

त्यांनी स्वतःच वाट करून दिली होती. मी म्हटलं, "तेच तर म्हणते. झालेलं नाही, म्हणून तर गिअरबॉक्स गेला. आणि तुमच्याशिवाय या गल्लीत आजवर कोणाचा गृहप्रवेश झाला आहे का? तुम्हीच उभे राहा." हरभऱ्याच्या झाडावर चढवणं मला जमतं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा चढवला. मग म्हणाले, "आयुधपूजेला मुहूर्त पाहायला नको. सरी, चालेल. पण गाय मी म्हणेन तीच."

सणाच्या आदल्या दिवशी देवाप्पानं गिअरबॉक्स चढवला. सकाळी गल्लीतल्या सगळ्या स्कूटर धुऊन झेंडूच्या माळा घालून उभ्या होत्या, आणि मधोमध आमची मॅटाडोर, पुढे केळीचे खुंट, मागच्या दाराला आंब्याचं तोरण. त्या दाराशी मी स्वतः रांगोळी घातली. गाय आली. गृहप्रवेशाला गाय घरभर फिरवतात, पण मॅटाडोरमध्ये गाय चढणार कशी? नरसिंहरावांनी विचार करून निकाल दिला की तोंड आत गेलं तरी चालेल. गाईनं तोंड आत घातलं आणि तोरण खाल्लं. तेही शुभच, असं त्यांनी लगेच ठरवून टाकलं.

मग दूध. शेगडीवर भांडं ठेवलं. संध्या समोर उभी, मी तिच्या शेजारी, बाकीच्या बायका दारापासून रस्त्यापर्यंत. दूध वर आलं, काठाला लागलं, आणि या बाईनं खटकन गॅस बंद केला.

मी कपाळाला हात लावला. संध्या स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. "आईजवळ इतकी वर्षं दुधापाशी उभी राहिली," ती पुटपुटली. "कधी थेंब सांडू दिला नाही. हात आपोआपच गेला."

"परत लाव," नरसिंहराव बाहेरून म्हणाले. "आणि अलकाक्का, तिचे हात धर."

मी तिचे दोन्ही हात घट्ट धरले. दूध फुगलं, काठावरून उतरलं, शेगडी विझवून फळीवरून खाली गेलं. तिनं ते सगळं सांडताना पाहिलं आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मीही रडले. बायकांनी एकमेकींना कुंकू लावलं.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. कोणीतरी के. आर. पुरम स्टेशनला उतरा म्हणून सांगितलेलं, त्यामुळे अरविंद अख्खं बेंगळूर ओलांडून घामाघूम होऊन आला होता. मॅटाडोरभोवती एवढी गर्दी पाहून त्याला अपघातच वाटला. "काय चालून राहिलं इथं? सरका, माझी बहीण आहे आत," म्हणत तो बायकांतून वाट काढत पायरीपर्यंत पोहोचला आणि एक पाय वर टाकणार, तोच नरसिंहराव आडवे आले.

"बूट बाहेर काढा, साहेब," ते म्हणाले. "घर आहे ते."

अरविंदनं त्यांच्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. पायरीजवळ गल्लीभरच्या चपलांचा ढीग पडला होता. त्यानं बूट काढले आणि आत जाऊन दिवाणावर बसला. कोणी त्याच्या हातात कोशिंबीर दिली, कोणी चुरमुरे. त्यानं एकदाच तोंड उघडलं, "पण ही अशी रस्त्यावर..."

"रस्त्यावर?" नरसिंहराव म्हणाले. "नरसिंहरावांच्या गल्लीत, अलकाक्काच्या फाटकासमोर. पत्र टाका, पोस्टमन आणून देईल."

देवाप्पानं चारही चाकांखाली लिंबं ठेवली आणि हाक दिली. संध्या स्टिअरिंगवर बसली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली, लिंबं फुटली, आणि अनवाणी भावाला मागे घेऊन मॅटाडोर गल्लीच्या टोकापर्यंत गेली. आम्ही टाळ्या वाजवत मागून चाललो. संध्यानं गाडी वळवून जागेवर आणली; अरविंद मात्र आमच्याबरोबर पायीच आला आणि त्या ढिगात स्वतःचे बूट शोधायला लागला. बराच वेळ त्याला ते सापडेनात.

"मी एकटाच जातो परत," तो वाकलेला असतानाच बहिणीला म्हणाला. "कन्याकुमारीहून फोन करजो."

दसरा करून संध्या निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रांगोळी घालायला बाहेर आले, तर जागा अगदी मोकळी. मी रांगोळी घातली, पण स्वल्प बाजूला सरकून. परत येताना तिला घर लावायला जागा नको का?