काढणीआधीचं पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. गावात मला ‘वाइनवालीचा बाप’ म्हणायला लागले, ते सोसेना. काढणीच्या तोंडावर मुलीच्या वाइनच्या द्राक्षबागेला मी गुपचूप पाणी सोडलं. माझी खायची द्राक्षं पाण्यानं टपोरी होतात. वाइनची पाणचट होतात, हे ठाऊक असूनही.

आज तिनं तिच्या वाइनचा पेला उजेडात धरला. रंग फिकाच. “पप्पा, माझंच काहीतरी चुकलं.”

“मग? मी काय सांगत होतो?” मी म्हणालो.

वेल जरा तहानलेली ठेवली की रस दाट उतरतो, असं ती म्हणते. माणसाचं तसं नसतं. माझ्या कौतुकाला तहानलेली ही पोर नुसती सुकत गेली.

सोमवारी ती सगळ्या वेली उपटणार आहे. त्याआधी तिला खरं सांगायचं माझ्याकडून राहिलं आहे.